भाडेवाढ मागील तारखेपासून, सील आजच: नगरपरिषदेच्या सभागृहास खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि नगरपरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय: नगरपरिषद संकुलातील गाळ्यांची मागील तारखेपासून केलेली भाडेवाढ, मार्चअखेरीस गाळ्यांना लावलेले सील आणि बाजारपेठेतील छोट्या व्यावसायिकांवर होणारी कारवाई.

सविनय नमस्कार.

मार्चअखेरच्या वसुली मोहिमेत आपल्या पथकाने बसस्थानकासमोरच्या संकुलातील ज्या गाळ्यांना सील लावले, त्यांत माझाही गाळा होता. आज तो उघडा आहे, कारण मागितलेल्या रकमेचा बराचसा भाग मी नातेवाइकांकडून हातउसना घेऊन भरला. भरताना लेखी हरकत नोंदवली. त्या अर्जावर आवक विभागाचा शिक्का मिळाला, उत्तर मात्र आजतागायत मिळालेले नाही. अर्जाला उत्तर येत नसेल, तर माझ्यावर आणि माझ्या शेजाऱ्यांवर जे गुदरले ते शहरासमोर मांडणे मला भाग आहे, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे. कार्यालयात दिलेल्या प्रतीवर माझे नाव, गाळा क्रमांक आणि सही आहे. येथे शहराचे नाव घातलेले नाही, कारण माझा रोख कोणा एका अधिकाऱ्यावर नसून कारभाराच्या पद्धतीवर आहे. आणि तार, बेअरिंग आणण्यासाठी छत्रपती संभाजीनगरला गेलो की जालना, परभणी, बीडकडच्या कारागिरांकडूनही मी जवळजवळ हेच ऐकतो.

माझा व्यवसाय मोटार रिवाइंडिंगचा आहे. विहिरीवरच्या आणि बोअरमधल्या जळालेल्या मोटारी खोलायच्या, जळकी तार काढून आतला भाग साफ करायचा, खाचांमध्ये नवे इन्सुलेशन घालून तांब्याची तार वेढे मोजून भरायची, बुश-बेअरिंग बदलायचे आणि मोटार चालवून, अँपिअर बघून शेतकऱ्याच्या हवाली करायची, हे काम माझ्या वडिलांनी याच गाळ्यात सुरू केले आणि आता मी करतो. माझ्याकडे दोन तरुण कामाला आहेत. दोघेही आयटीआय झालेले, पुण्याला कंत्राटी कामावर जाऊन, खोलीभाड्यात पगार संपतो म्हणून परत आलेले. आमचा हंगाम फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंतचा. पाणी खोल जाते, विजेचा दाब कमी-जास्त होतो, एखादा फेज जातो आणि मोटार जळते. या चार महिन्यांत जे हाती येते, त्यावर पावसाळ्यातले रिकामे दिवस निघतात. मराठवाड्यात पाऊस उशिरा आला तर हंगाम लांबतो, पण त्या वर्षी शेतकऱ्याकडेच पैसा नसतो आणि मजुरी उधारीवर राहते. ती सोयाबीन मोंढ्यावर गेल्यानंतर वसूल होते. ज्या गावात अर्धा व्यवहार सुगीवर चालतो, तेथे मार्चअखेर हा सर्वांत कडकीचा काळ असतो, हे आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांना मी सांगण्याची गरज नाही.

सील नेमके याच काळात लागले. पथक आले तेव्हा एका मोटारीत तार भरण्याचे काम चालू होते. मागणीची रक्कम एका कागदावर लिहून आणलेली होती. त्यावर जावक क्रमांक नव्हता. मूळ भाडे किती, वाढीव भाडे किती आणि दंडाची रक्कम किती, अशी फोडही नव्हती. ही रक्कम कोणत्या काळाची आहे असे मी विचारले, तेव्हा "कार्यालयात या" असे सांगण्यात आले. आत असलेल्या शेतकऱ्यांच्या मोटारी तरी बाहेर काढू द्या, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. शटर ओढून कुलपाला कापड गुंडाळण्यात आले, त्यावर लाख ओतून मोहोर उमटवण्यात आली आणि पंचनाम्यावर माझी सही घेण्यात आली. त्या पंचनाम्यात "गाळ्यातील साहित्य" एवढाच उल्लेख आहे. आत कोणाच्या किती मोटारी होत्या, कोणती यंत्रे होती, तांब्याची तार किती किलो होती, याची यादी त्यात नाही. उद्या त्यातले काही गहाळ झाले असते, तर मी कोणत्या कागदाच्या आधारे दाद मागणार होतो?

आत अडकलेल्या मोटारींपैकी एक मोसंबीची बाग असलेल्या शेतकऱ्याची होती. उन्हाळ्यात मोसंबीच्या पाण्याची पाळी चुकली की आधी फळे गळतात आणि मग झाडांवर येते. त्याने टँकर विकत घेऊन झाडे जगवली. तो शहराच्या हद्दीत राहत नाही, नगरपरिषदेचा एक रुपयाही त्याच्याकडे येणे नाही. त्याने माझ्याकडे मोटार टाकली होती एवढाच त्याचा संबंध. तो मला रागावून बोलला नाही, पण त्यानंतरची मोटार त्याने दुसऱ्या गावाला नेली. कार्यालयाच्या नोंदवहीत माझ्या नावासमोर थकबाकीचा आकडा आहे आणि तो वसूल झाल्याची नोंदही झाली असेल. बंद दिवसांची मजुरी, दोन कामगारांचा खाडा आणि वडिलांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक तुटणे, यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, आणि रक्कम भरली तरी यातले काही परत मिळत नाही.

मोठ्या दुकानदाराला आठ दिवस दुकान बंद ठेवणे जड जाते. छोट्याला त्यातून पुन्हा उठणेच कठीण होते. म्हणून आपल्या दृष्टीने सील ही वसुलीची एक पायरी असली, तरी आमच्यासाठी ती शिक्षा आहे, आणि ती आमचे म्हणणे कोणी ऐकण्याच्या आधी भोगावी लागते. माझी मुख्य तक्रार हीच आहे. थकबाकी वसूल करण्याचा, रस्ते मोकळे ठेवण्याचा आणि शहर स्वच्छ ठेवण्याचा नगरपरिषदेचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे. तो अधिकार वापरण्याच्या ज्या पायऱ्या कायद्याने घालून दिल्या आहेत, त्या छोट्या माणसाच्या बाबतीत गाळल्या जातात, हे मला मान्य नाही.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 मध्ये कराच्या वसुलीचाही क्रम ठरलेला आहे. आधी देयक द्यायचे, मुदतीत भरणा न झाल्यास मागणीची नोटीस बजावायची आणि त्यानंतरही रक्कम न आल्यास अधिपत्र काढून जप्ती करायची. गाळ्याचे भाडे तर कराराने ठरलेले असते. भाडेकरूने करार मोडला असे नगरपरिषदेचे म्हणणे असेल, तर तसे लेखी कळवून त्याचे म्हणणे ऐकून घेण्याला काय अडचण होती? माझ्या प्रकरणात देयक कोणत्या तारखेला निघाले, नोटीस कोणी स्वीकारली आणि शटरला सील लावण्याचा आदेश कोणाच्या सहीने, कोणत्या तरतुदीखाली निघाला, हे मी अर्जात विचारले आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 60 प्रमाणे न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतसुद्धा कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत, कारण हत्यारेच नेली तर तो देणे फेडणार कशातून, एवढा विचार कायदा करणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी केला होता. माझे वाइंडिंग मशीन, पुलर, मीटर, सगळे शटरच्या आत होते. मी बाहेर बसूनही काम करू शकलो नसतो.

आता भाडेवाढीविषयी. करारात ठरलेले भाडे मी दर वर्षी भरत आलो आहे आणि त्याच्या सर्व पावत्या माझ्याकडे आहेत. प्रशासकांच्या काळात एका ठरावाने ते जवळजवळ पाचपट करण्यात आले आणि ही वाढ मागील काही वर्षांपासून लागू धरण्यात आली. थकबाकीदार म्हणून माझे नाव फलकावर लागले ते या फरकाच्या रकमेमुळे. चालू भाड्याचा एक हप्ताही माझ्याकडे बाकी नव्हता. मागच्या वर्षांत मी ज्या दराने मजुरी घेतली, तो दर त्या वेळच्या भाड्यावर बसवलेला होता. भाडे मागे जाऊन वाढवता येत असेल, तर दुरुस्त होऊन बोअरमध्ये सोडलेल्या मोटारींची जादा मजुरी मी आता कोणत्या शेतकऱ्याकडे मागू? पुढील काळासाठी, आगाऊ सूचना देऊन, टप्प्याटप्प्याने भाडे वाढवले असते तर आम्ही कुरकुर केली असती, पण भरले असते. संकुलातील जुन्या गाळ्यांचे भाडे बऱ्याच वर्षांत वाढले नव्हते, हे मी नाकारत नाही.

त्या ठरावाची प्रत मी माहितीच्या अधिकारात मागितली. तीत वाढीचे कारण म्हणून "बाजारभावानुसार" एवढाच शब्द आहे. कोणत्या गाळ्यांशी तुलना केली, क्षेत्रफळ कोणते धरले, दर्शनी गाळा आणि मागच्या बोळातला गाळा यांत फरक केला की नाही, यांपैकी काहीही त्यात नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे सांगावीत, असे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 चे कलम 4 सांगते. त्यासाठी नागरिकाने अर्ज करण्याचीही गरज नसते. बाजारभावच लावायचा असेल, तर बाजारातला खासगी मालक त्या भाड्यात काय देतो, हेही पाहावे लागेल. आपल्या संकुलातील स्वच्छतागृहात पाणी नाही. संकुलात काम करणाऱ्या बायकांना, आणि त्यांत ब्लाउज शिवणाऱ्या, झेरॉक्सचे मशीन चालवणाऱ्या मुली आहेत, दिवसभरात बसस्थानकापर्यंत जावे लागते. माझ्या गाळ्याचा स्लॅब गळत होता. दुरुस्तीसाठी अर्ज केले, शेवटी स्वतःच्या खर्चाने वॉटरप्रूफिंग करून घेतले. तो खर्च भाड्यातून वळता करावा ही माझी मागणीही अद्याप पडून आहे.

या ठरावाबाबत सभागृहाला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. नगरपरिषदांची मुदत संपल्यानंतर राज्यात दीर्घ काळ निवडणुका झाल्या नाहीत आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, हा 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीचा गाभा आहे. कर, भाडे, शुल्क यांसारख्या विषयांवर लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी सर्वांसमोर चर्चा करावी, हा त्यामागचा हेतू. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या आणि आपण सभागृहात आलात. प्रचाराच्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी याच संकुलात उभे राहून भाडेवाढीचा फेरविचार करू, असे सांगितले होते. ज्या ठरावावर एकाही लोकप्रतिनिधीचे मत पडलेले नाही, तो आता आपल्या काळात, आपल्याच पथकाकडून सील लावून राबवला जातो, याचे दुःख मला रकमेपेक्षा अधिक आहे.

गाळेधारकाच्या हाती निदान करार आणि पावत्या तरी असतात. हातगाडा आणि टपरी चालवणाऱ्यांकडे तेवढेही नसते, आणि म्हणून त्यांच्या बाबतीत कारवाई अधिक निर्धास्तपणे होते. संकुलासमोर फळांचा गाडा लावणारे एक गृहस्थ आहेत. प्रधानमंत्री स्वनिधी योजना 2020 मध्ये सुरू झाली, तेव्हा याच नगरपरिषदेने त्यांना पथविक्रेता म्हणून शिफारसपत्र दिले आणि त्यावर बँकेने त्यांना दहा हजार रुपयांचे पहिले कर्ज दिले. ते कर्ज त्यांनी फेडले, पुढचे घेतले. सणाच्या आधीच्या अतिक्रमण मोहिमेत त्यांचा गाडा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून नेण्यात आला. गाड्यावर केळी आणि डाळिंबे होती. गाडा परत मिळाला तेव्हा फळे कुजलेली होती आणि एक चाक वाकलेले होते. ज्या कार्यालयाने हा माणूस पथविक्रेता आहे असे लिहून दिले, त्याच कार्यालयाने त्याला अतिक्रमणधारक ठरवले, आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला.

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 हा कायदा या प्रसंगासाठीच आहे. त्यातील कलम 3 सांगते की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता येणार नाही. कलम 18 प्रमाणे हटवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. कलम 19 प्रमाणे जप्त मालाची यादी विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत शुल्क घेऊन परत करावा लागतो. शहर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. आपल्या शहरातील समितीची बैठक कधी झाली, तिच्यावर विक्रेत्यांपैकी कोण आहे, हे गाड्यावर उभ्या असणाऱ्यांपैकी कोणीही मला सांगू शकले नाही. हॉकर्स झोन म्हणून जी जागा दाखवली जाते, ती जुन्या कोंडवाड्यामागे आहे, जिकडे गिऱ्हाईक फिरकत नाही आणि संध्याकाळी दिवा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात जगण्याच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार येतो असे म्हटले आणि 1989 मध्ये पथविक्री हा घटनेच्या अनुच्छेद 19 खालचा व्यवसायाचा अधिकार असल्याचे मान्य केले, त्यावर वाजवी निर्बंध असू शकतात हेही त्याच निकालात आहे. निर्बंध घाला. बसस्थानकाच्या दाराशी, शाळेच्या फाटकासमोर, रुग्णवाहिकेच्या वाटेवर गाडा नको, हे मीसुद्धा सांगेन. पण निर्बंध जागेवर पांढरे पट्टे ओढून, फलक लावून, आधी कळवून घालतात.

आठवडी बाजारातील तहबाजारीबद्दल, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून जागेसाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्काबद्दल, थोडक्यात लिहितो, कारण त्यात समजून सांगण्यासारखे काही नाही. बैठकीचा मंजूर दर किती आहे याचा फलक बाजारात नाही. ठेकेदाराची माणसे मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या आजीबाईकडून आणि कपड्यांचा टेम्पो लावणाऱ्याकडून मागतील ती रक्कम घेतात, आणि पावती मागणाऱ्याला पुढच्या बाजारी जागा मिळत नाही. ठेका नगरपरिषदेचा आहे, त्यामुळे ही जबाबदारीही नगरपरिषदेचीच आहे.

परवान्याचाही असाच गोंधळ आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीच्या जाचातून मोकळे करून केवळ सूचना देणे पुरेसे ठरवले गेले. आम्ही ती ऑनलाइन दिली आणि पोचपावती दुकानात लावली. तरीही कर विभागाचे कर्मचारी "व्यवसाय परवाना शुल्क" म्हणून दुकानोदुकानी रक्कम मागत आहेत. धोकादायक किंवा उपद्रवी व्यवसायांना परवाना लावण्याचा अधिकार नगरपरिषदेला आहे, हे मला माहीत आहे. माझ्याकडे वॉर्निश आणि भट्टी असते, तेव्हा मला त्यात धरले तरी मी समजू शकतो. शिवणयंत्र, झेरॉक्स, चप्पलदुरुस्ती यांना कोणत्या उपविधीने धरले, तो उपविधी कधी प्रसिद्ध झाला आणि त्यावर हरकती कधी मागवल्या, हे कर्मचाऱ्यांना सांगता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद 265 म्हणतो की कायद्याच्या आधाराखेरीज कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. शुल्क हे नाव दिल्याने तो आधार दाखवण्याची जबाबदारी संपत नाही.

प्लास्टिकबंदीचा दंड हा आणखी एक विषय. राज्य शासनाची अधिसूचना मार्च 2018 ची आहे आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. पातळ पिशव्या नाल्यांत अडकतात, गुरांच्या पोटात जातात, त्या बंद झाल्याच पाहिजेत. पण भाजीवालीकडच्या अर्ध्या पुडक्यासाठी पाच हजार मागायचे आणि तिला ती पिशवी विकणाऱ्या घाऊक दुकानाच्या गोदामापर्यंत कधी जायचेच नाही, या पद्धतीने पिशव्या थांबलेल्या नाहीत. तिची एका दिवसाची पूर्ण भाजी पाच हजारांची नसते. मग रक्कम कमी करून, पावतीशिवाय, तिथल्या तिथे मिटवले जाते, आणि हे बाजारात सर्वांना माहीत आहे.

शेवटची तक्रार रस्त्याची. गेल्या वर्षी नालीच्या कामासाठी म्हणून आमच्या ओळीतील दुकानांचे ओटे आणि पायऱ्या जेसीबीने काढण्यात आल्या. ओटे नालीवर आलेले होते, त्यामुळे ते काढण्याला आम्ही विरोध केला नाही. काहींनी तर स्वतःच फरशा उचलून घेतल्या. नाली अर्धवट राहिली. त्यानंतर रस्त्यावर सिमेंटचा नवा थर पडला आणि रस्ता दुकानांच्या उंबऱ्यापेक्षा वर गेला. आता जोराचा पाऊस झाला की रस्त्यावरचे पाणी शटरखालून आत येते. मोटारीच्या व्यवसायात जमिनीवर पाणी येणे म्हणजे भरलेल्या स्टेटरचे इन्सुलेशन जाणे. शेजारच्या किराणा दुकानात साखरेची पोती फळ्यांवर चढवून ठेवावी लागतात. जुना रस्ता खरवडून मगच नवा थर टाकायचा, ही गोष्ट त्या कामाच्या अंदाजपत्रकात होती का, असे आम्ही विचारले होते. त्याचेही उत्तर नाही. या पावसाळ्यापूर्वी निदान नाली पूर्ण झाली नाही, तर संपूर्ण ओळीला नुकसान सोसावे लागेल.

नगरपरिषदेची अडचण मी जाणतो. जकातीचे उत्पन्न जाऊन बराच काळ लोटला, शासनाचे अनुदान वेळेवर येत नाही, पाणीपुरवठ्याचे वीजबिल थकते, सफाई कामगारांचे पगार लांबतात, आणि वसुलीची टक्केवारी कमी राहिली तर मुख्याधिकाऱ्यांना वर जाब द्यावा लागतो. पण ज्या दुकानाला सील लागते ते पुढच्या वर्षीचा कर कमावत नसते. संकुलातील दोन गाळे या वाढीनंतर कायमचे सोडून देण्यात आले आणि त्यांना अद्याप नवा भाडेकरू मिळालेला नाही. तेथून नगरपरिषदेला जुने भाडेही येत नाही.

या सर्व बाबींवर आमच्या मागण्या अशा आहेत. भाडेवाढीच्या ठरावाची मागील तारखेपासूनची अंमलबजावणी येत्या सर्वसाधारण सभेत रद्द करावी आणि नव्या भाड्यासाठी गाळेनिहाय मोजमाप, तुलना आणि कारणे यांसह प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकतींना किमान तीस दिवस द्यावेत. तोपर्यंत आम्ही जुन्या दराने भाडे भरत राहू, आणि मी हरकतीसह भरलेली फरकाची रक्कम पुढील भाड्यात वळती करावी. देयक, नोटीस आणि प्रत्यक्ष सुनावणी झाल्याशिवाय कोणत्याही गाळ्याला किंवा दुकानाला सील लावू नये, असा लेखी आदेश मुख्याधिकाऱ्यांनी काढावा; आणि सुनावणीनंतरही सील लावण्याची वेळ आली, तर गिऱ्हाइकांच्या वस्तू आणि कारागिराची हत्यारे बाहेर काढू देऊन, उरलेल्या मालाची सविस्तर यादी पंचनाम्याला जोडावी.

पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण करून प्रमाणपत्रे द्यावीत, समितीवरील विक्रेत्यांची निवडणूक घ्यावी आणि तोपर्यंत गाडे उचलणे थांबवावे. फळविक्रेत्याच्या वाकलेल्या चाकाची आणि कुजलेल्या मालाची भरपाई हा छोटा विषय आहे, तो सभेची वाट न पाहता निकाली काढता येईल. तहबाजारीचे दर बाजाराच्या दोन्ही प्रवेशद्वारांवर मोठ्या अक्षरांत लावावेत आणि अनुक्रमांक छापलेल्या पावतीशिवाय वसुली केल्यास ठेका रद्द करावा. व्यवसाय परवाना शुल्काचा उपविधी दाखवावा, अन्यथा घेतलेली रक्कम परत करावी. प्लास्टिकचा दंड पावतीनेच घ्यावा आणि तपासणीची सुरुवात घाऊक विक्रेत्यांपासून करावी. बसस्थानकासमोरची नाली मृगापूर्वी पूर्ण करावी आणि संकुलातील स्वच्छतागृहात पाणी सोडावे.

1965 च्या अधिनियमातील कलम 308 प्रमाणे नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी तहकूब ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे आणि तसा अर्ज आम्ही तयार ठेवला आहे. तो अद्याप दाखल केलेला नाही, कारण निवडून आलेल्या सभागृहाला आधी विचार करण्याची संधी मिळावी, असे संकुलातील बहुतेक गाळेधारकांचे मत पडले. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि गाळेधारक व पथविक्रेते यांच्यापैकी दोघांना म्हणणे मांडण्यासाठी वेळ द्यावा. सभेपर्यंत आम्ही थांबू. त्या सभेत विषय आला नाही, तर दुसऱ्या दिवशी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल होईल. कोणताही निर्णय झाला तरी तो आम्हाला कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती.

आपला,
नगरपरिषद संकुलातील एक गाळेधारक आणि मोटार रिवाइंडिंग कारागीर

सोबत: भाडेपट्ट्याची प्रत, भाडे भरल्याच्या पावत्या, भाडेवाढीच्या ठरावाची माहिती अधिकारात मिळालेली प्रत, सीलचा पंचनामा, हरकतीच्या अर्जाची पोच.

प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाधिकारी.